खिडकीतल्या पाखरांचा चरित्रकार

पक्षी पाहायचे तर कर्नाळा किंवा भरतपूर गाठले पाहिजे, अशी शहरवासीयांची समजूत असते. गळ्यात कॅमेरा अडकवून रानोमाळ भटकणाऱ्यांचे लक्ष स्वतःच्याच खिडकीच्या गजावर बसलेल्या साळुंकीकडे क्वचितच जाते. मुंबईच्या अशा उपेक्षित पाखरांची चित्रे शब्दांनी टिपणारा एक निसर्गप्रेमी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे त्यांचे नाव. वाचक त्यांना ‘एहा’ या टोपणनावाने ओळखत.

एटकिन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यात, एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. १८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात रुजू झाले. खाराघोडा, उरण, रत्नागिरी अशा बदल्यांच्या गावी आडबाजूच्या बंगल्यात राहताना एकटेपणा येई. तेथे सोबतीला होते कावळे, पाली, मुंग्या आणि वटवाघळे. घरात घुसखोरी करणाऱ्या या टोळ्यांशी चाललेली लुटुपुटूची लढाई त्यांनी ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या पुस्तकात मिस्कीलपणे रंगवली.

१८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना केली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याबरोबर त्या आठांत एटकिनही होते. पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदुकीने टिपणे, कातडी सोलणे आणि मापे घेणे, असा तो जमाना होता. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाने मात्र शास्त्रज्ञाऐवजी सामान्य मुंबईकराला हाक घातली. त्यासाठी डोळे आणि थोडी सवड एवढेच भांडवल पुरेसे होते. पुढे डॉ. सालिम अली यांनी १९४६ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित केली.

गोव्याच्या सीमेवरील जकात नाक्यांवर हिवतापाचा तपास करताना एटकिन यांना डासाची एक नवी जात आढळली. तिला त्यांचेच नाव मिळाले. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोला परतले आणि १९०९ मध्ये तेथेच निवर्तले.

त्यांच्या ‘नेहमीच्या’ पक्ष्यांत गिधाडेही होती. मलबार हिलवर घिरट्या घालणारी गिधाडे मुंबईकरांच्या इतकी परिचयाची होती की, त्यांचे छायाचित्र घ्यावे असे फारसे कोणाला वाटले नसावे. १९९० च्या दशकापासून गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने त्यांचा घात केला. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण तोवर शहराचे आकाश जवळजवळ रिकामे झाले होते. जे रोज दिसते ते कायमचेच आहे, असे गृहीत धरण्याची ही किंमत आहे. म्हणूनच उद्या सकाळी कॅमेरा काढलाच, तर तो आधी वळचणीच्या चिमणीकडे वळवावा. एहांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.