डिग्री नव्हती, नोकरीही गेली, पण सलीम अलींनी देशाला पक्षी मोजायला शिकवलं

हिवाळा सरत आला की ऐरोलीच्या पुलावरून जाणाऱ्यांना ठाणे खाडीच्या चिखलावर एक गुलाबी पट्टा दिसतो. ते असतात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी. २०१९ साली झालेल्या मोजणीत त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती.

आता प्रश्न असा की, भरती-ओहोटीच्या चिखलात उभे असलेले एवढे पक्षी मोजतं कोण? आणि मोजून उपयोग काय?

ही मोजणी केली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने. या संस्थेला पोत्याने मेलेले पक्षी गोळा करण्याकडून जिवंत पक्ष्यांचा हिशेब ठेवण्याकडे नेणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव आहे डॉ. सलीम अली यांचं.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवलं. सुट्टीत मुक्काम असायचा चेंबूरला. आज मुंबईत मोडणारं चेंबूर तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होतं. एका बाजूला टेकड्या, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, आणि पोराच्या हातात छर्ऱ्याची बंदूक.

याच बंदुकीने एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी म्हणून मामांनी भाच्याला बीएनएचएसचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. तिथून या पोराला पक्ष्यांचं वेड लागलं.

पण वेडावर पोट भरत नाही. तरुणपणी ते ब्रह्मदेशात कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. धंदा बुडाला. मुंबईत परतल्यावर पक्षीशास्त्रातली सरकारी नोकरी मिळेना, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. शेवटी १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा मिळाली. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान या पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. पक्ष्याच्या कातड्याचं माप घेण्याइतकंच त्याचं जगणं बघणं महत्त्वाचं आहे, हा विचार तिथे पक्का झाला.

१९३० साली परत आले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. मुंबईचं भाडं परवडेना. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे बघत बसले.

आपण म्हणतो सुगरण, पण घरटं विणतो तो नर. अलींना दिसलं ते असं: नर घरटं अर्धवट विणतो. मादी येऊन ते तपासते आणि पसंत पडलं तरच ताबा घेते. मग नर ते पूर्ण करतो आणि शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवं विणायला घेतो. म्हणजे झाडावर दहा घरटी दिसली म्हणून तिथे दहा जोड्या आहेत असं नाही. पक्षी कसा जगतो हे कळल्याशिवाय त्याची मोजणीही बरोबर होत नाही. हा अभ्यास १९३१ साली छापून आला आणि बेकार माणसाचं नाव शास्त्रज्ञांपर्यंत पोचलं.

पुढची वर्षं संस्थानांच्या पक्षीपाहणीत गेली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन असं करत ते फिरले. या मोहिमांचा बाडबिस्तरा तेहमिना सांभाळायच्या. १९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं निधन झालं. अली एकटे पडले, पण काम थांबलं नाही. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले.

१९४५ साली ते कच्छच्या मोठ्या रणात रोहितांच्या वसाहतीपर्यंत पोचले. उथळ खारट पाण्यात चिखलाचे बुटके बुरूज, प्रत्येकावर सहसा एकच अंडं. तिथे सुमारे पाच लाख पक्षी असावेत असा अंदाज त्यांनी मांडला. पाऊस चांगला झाला तरच रणात पाणी साचतं आणि तरच वीण होते.

पण हे पक्षी एरवी जातात कुठे? त्यासाठी पक्ष्याच्या पायात हलकं कडं घालतात. कड्यावर क्रमांक आणि संस्थेचं नाव असतं. दुसरीकडे कुठे तो पक्षी सापडला की प्रवास कळतो. हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला एक आजार कारण ठरला. १९५७ साली कर्नाटकात माकडताप सापडला. सिंधुदुर्गातल्या लोकांना हा आजार चांगलाच ठाऊक आहे. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूसारखा होता, म्हणून स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणला की काय अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांना कडी चढली. भरतपूरला कडं घातलेली बदकं सोव्हिएत संघात सापडली.

हे भरतपूर म्हणजे राजाचं शिकारीचं तळं. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात तिथे ४२७३ पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर तळं आटवून शेती करायची मागणी आली, तेव्हा अली पंडित नेहरूंपर्यंत गेले आणि तळं वाचलं.

पण याच भरतपूरला गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. म्हशींच्या चराईने पाणथळ जागा खराब होते, असं अलींचं मत होतं. १९८२ साली चराईबंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्याच सुमारास बीएनएचएसचा दहा वर्षांचा अभ्यास तिथे चालू होता. त्यात दिसलं की म्हशी गेल्यावर गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि त्याचा फटका पक्ष्यांनाच बसला. आपल्याच सगळ्यात मोठ्या माणसाचं मत चुकल्याचं त्याच्याच संस्थेच्या नोंदींनी सांगितलं. नोंदी ठेवायच्या त्या यासाठीच. त्या नसत्या तर ते मतच कायम राहिलं असतं.

२० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी सलीम अलींचं मुंबईत निधन झालं. पद्मविभूषण मिळालं होतं, राज्यसभेवर नेमणूक झाली होती. राज्यात त्यांच्या जयंतीपर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे पक्षीनिरीक्षक या दिवसांत दुर्बीण आणि वही घेऊन बाहेर पडतात.

ठाणे खाडीत रोहित मोठ्या संख्येने यायला लागले ते त्यांच्या पश्चात, १९९० च्या दशकात. २०१५ साली खाडीचा १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी बीएनएचएसने इथल्या सहा रोहितांना जीपीएस टॅग लावले. एकाला नाव दिलं सलीम, दुसऱ्याला हुमायून, संस्थेचे दुसरे मोठे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. त्यातला हुमायून उडाला तो थेट गुजरातच्या किनाऱ्यावर पोचला.

म्हणजे ठाण्यात दिसणारे पक्षी वाचवायचे तर नुसती खाडी राखून भागत नाही, गुजरातचं पाणीही टिकायला लागतं. आणि हे अंदाजाने नाही, पक्ष्याच्या पाठीवरच्या यंत्राने सांगितलं. पूर्वी हेच काम पायातलं कडं करायचं.