बातमीच्या पलीकडची रखमाबाई

आमच्या गल्लीतली एक मुलगी लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आली. महिन्याभराने एका साप्ताहिकात त्याची बातमी छापून आली. नाव नव्हतं, पण गाव लहान, कळायचं कुणाला राहिलं? हळदीकुंकवात, बचत गटाच्या बैठकीत तोच विषय. शिकलेल्या मुलींना जुळवून घेता येत नाही, असं सगळ्यांचं ठरून गेलं. मीही मान डोलावली, हे कबूल करते. तिला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं. ना छापणाऱ्याने, ना आम्ही.

त्या दिवसांत मला डॉ. रखमाबाई सारख्या आठवत होत्या.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. लहानपणीच वडील वारले. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाची रीत होती. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षीच दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. पण त्या नांदायला गेल्या नाहीत. माहेरी राहून वाचत, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला आणि मग एकच गदारोळ झाला.

एका घरातलं भांडण वर्तमानपत्रांनी साऱ्या समाजाचं केलं. धर्म बुडाला, इंग्रजी शिक्षणाने बाई बिघडली, अशी ओरड सुरू झाली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वजनदार पत्रं. त्यांच्यातूनही टीका झाली. ज्यांनी रखमाबाईंना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचंही त्यांच्याबद्दल पक्कं मत झालं. बेहरामजी मलबारींसारखे काही सुधारक तेवढे त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

मैत्रिणींनो, पण रखमाबाई नुसत्या सोसत बसल्या नव्हत्या. १८८५ मध्येच त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रं लिहिली होती. नाव न देता, फक्त एक हिंदू स्त्री म्हणून. बालविवाहाने मुलीचं शिक्षण आणि आयुष्य कसं खुंटतं, ते त्यात मांडलं. आजवर बाईबद्दल छापलं जायचं, इथे बाई स्वतः बोलत होती!

खटला पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. याच वादामुळे संमतिवयाच्या चर्चेला जोर आला. १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारा झालं. आज बारा वाचूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यालाही केवढा विरोध!

रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोटच्या बायकांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं दवाखाने सांभाळले. १९५५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्या गेल्या. ज्या बाईने घरं मोडतील असं लोक म्हणत होते, तिच्या हातून किती घरांत बाळं सुखरूप आली असतील!

आता साप्ताहिकाच्या जोडीला मोबाईल आहे. बातमी चहा उकळायच्या आत गावभर होते, आपलं मतही तितक्याच लवकर होतं. त्या मुलीकडे मी गेल्या आठवड्यात गेले. उशीरच झाला होता. सल्ला दिला नाही, नुसती बसले. बऱ्याच वेळाने ती बोलायला लागली. तिने जे सांगितलं, त्यातलं बातमीत काहीही नव्हतं.