सुलह करायला निघालेला मंत्री : मोहम्मद सिद्दीक बिन याह्या

लढणाऱ्यांची नावं आपल्या मुलांना पाठ असतात. दोन भांडणाऱ्यांच्या मधे बसून सुलह घडवून आणणाऱ्यांची नावं मात्र आपण पटकन विसरतो. अल्जेरियाचे परराष्ट्रमंत्री मरहूम मोहम्मद सिद्दीक बिन याह्या हे असंच एक नाव. त्यांच्या देशात ते घराघरात माहीत आहे, जिजेल शहरातल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव दिलेलं आहे. आपल्याकडे मात्र त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं, म्हणून आज त्यांची ओळख करून द्यावी असं आम्हाला वाटलं.

बिन याह्या यांचा जन्म ३० जानेवारी १९३२ रोजी जिजेल इथे झाला. तेव्हा अल्जेरियावर फ्रान्सची सत्ता होती आणि तिला शंभर वर्षं उलटून गेली होती. त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं. १९५५ मध्ये अल्जेरियन मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत ते पुढे होते. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं, पण या तरुणाच्या वाट्याला बंदुकीपेक्षा वाटाघाटींचं टेबल जास्त आलं. १९६० मध्ये फ्रान्समधल्या मेलाँ इथे पहिली उघड बोलणी झाली, त्यासाठी गेलेल्या दोन प्रतिनिधींपैकी ते एक होते. ती बोलणी फिसकटली. तरी चर्चेचा धागा पूर्ण तुटू दिला गेला नाही. अखेर १८ मार्च १९६२ ला एव्हियाँचा करार झाला, दुसऱ्या दिवशी युद्धबंदी लागू झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अल्जेरिया आझाद झाला. एव्हियाँच्या शिष्टमंडळातही बिन याह्या होते. वय फक्त तीस.

पुढे राजदूत, मग माहिती, उच्च शिक्षण आणि अर्थ अशी खाती सांभाळत १९७९ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला तेहरानमधला अमेरिकेचा दूतावास ताब्यात घेतला गेला. ५२ अमेरिकन तब्बल ४४४ दिवस ओलीस राहिले. अमेरिकेने इराणचे अब्जावधी डॉलर गोठवले. एप्रिल १९८० मध्ये सैन्य पाठवून सुटकेचा प्रयत्न झाला, त्यात ८ अमेरिकन सैनिक मेले आणि हाती काहीच लागलं नाही. इराण अमेरिकेशी समोरासमोर बोलायला तयार नव्हता.

तेव्हा मधे आला अल्जेरिया. बिन याह्या यांच्यासोबत वॉशिंग्टनमधले राजदूत रेधा मालेक आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सगीर मुस्तफाई होते. हे तिघेही एव्हियाँच्या टेबलावर बसलेले लोक! या मंडळींनी नुसती टपालकी केली नाही. तेहरानची मागणी आली की ती नीट समजून घ्यायची, वॉशिंग्टनला जाऊन तिथला कायदा काय परवानगी देतो हे खोदून खोदून विचारायचं, आणि मग तीच अडचण इराणला पटेल अशा भाषेत सांगायची. असं महिनोन्‌महिने चाललं.

दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता. पैसे आधी की माणसं आधी, इथेच गाडी अडायची. त्यावर तोड निघाली ती अशी : सुमारे ८ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावे ठेवायचे, आणि ओलीस इराणबाहेर सुखरूप पडले असं अल्जेरियाने कळवल्यावरच ते पुढे द्यायचे. म्हणजे दोघांनी एकमेकांवर नव्हे, तिसऱ्याच्या अमानतदारीवर भरवसा ठेवला. करारसुद्धा अल्जेरिया सरकारच्या जाहीरनाम्याच्या रूपात निघाला, त्यामुळे कुणाला कुणापुढे झुकल्यासारखं झालं नाही. उरलेल्या दाव्यांसाठी हेगला लवाद नेमला गेला. १९ जानेवारी १९८१ ला सह्या झाल्या, दुसऱ्या दिवशी अल्जेरियाच्या विमानांनी ओलीस अल्जियर्सला आणले.

एवढ्यावर ते थांबले असते तरी चाललं असतं. त्याच वर्षी मालीमध्ये विमान अपघातात ते गंभीर जखमी झाले होते, त्यातून कसेबसे वाचले. पण इराण आणि इराक, दोन मुस्लिम शेजारी, सप्टेंबर १९८० पासून एकमेकांची तरुण मुलं मारत होते. १९७५ मध्ये या दोघांचा सीमेचा तंटा मिटला होता तो अल्जियर्समध्येच, आणि तोच करार सद्दाम हुसेन यांनी मोडीत काढला होता. बरे होताच बिन याह्या याही कामाला लागले.

३ मे १९८२ रोजी ते तेहरानकडे निघाले असताना इराण-तुर्कस्तान सीमेजवळ त्यांचं विमान क्षेपणास्त्राने पाडण्यात आलं. सोबतच्या सहकाऱ्यांसह ते मारले गेले. वय पन्नास. इराकने हात झटकले. मात्र क्षेपणास्त्र इराकचंच होतं, असं चौकशीत निघाल्याचं अल्जेरियाच्या जबाबदार लोकांनी नंतर सांगितलं. तरीही अल्जेरियाने बदल्याची भाषा केली नाही.

युद्ध पुढे आणखी सहा वर्षं चाललं, ऑगस्ट १९८८ मध्ये थांबलं. लाखो घरं उजाड झाली. आणि १९९० मध्ये सद्दाम यांनी पुन्हा तोच १९७५ चा करार मान्य केला! म्हणजे इतकं रक्त सांडून गाडी आली ती जुन्याच ठिकाणी.

मग बिन याह्या यांची मेहनत वाया गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. सूरह हुजुरातमध्ये ईमानवाल्यांच्या दोन गटांत लढाई झाली तर सुलह करण्याचा हुकूम आहे, आणि ती इन्साफाने करण्याची ताकीद आहे. यश येईलच अशी अट तिथे नाही. आपल्या जमातीत, मोहल्ल्यात दोन भाऊ जागेवरून किंवा वारशावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि आपण कशाला मधे पडा म्हणून बाजूला होतो. मधे पडणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात हे खरंच. पण दोघांचंही पूर्ण ऐकून घेणारा, कुणाचीच बाजू न घेणारा आणि अमानत सांभाळणारा एक जण उभा राहिला, की अडलेली गाडी हलते.

अल्लाह मरहूम बिन याह्या आणि त्यांच्या साथीदारांची मगफिरत करो, आणि आपल्यातही असे सुलह करणारे पैदा करो. आमीन.