सागरी स्वावलंबनाचे अग्रदूत : शेठ वालचंद हिराचंद

पालघरहून सातपाटीकडे जाताना वाटेत शिरगावचा किल्ला लागतो. दीर्घकाळ पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला हा किल्ला इ.स. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकून घेतला. ज्या काळात या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, त्या काळात हिंदी व्यापाऱ्याच्या गलबताला समुद्रात संचार करण्यासाठी त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा लागे. परवाना नसलेले गलबत मालासकट जप्त होई. बंदर आपले, माल आपला, तांडेल व खलाशीही आपले. परंतु समुद्रावर हुकूम मात्र परक्याचा, अशी ती परिस्थिती होती. पुढे राज्ये बदलली, तरी ही परिस्थिती पालटली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ताझाची जागा जहाजभाड्याने घेतली होती. या नव्या बंधनाविरुद्ध ज्या थोर पुरुषाने आपले आयुष्य वेचले, ते सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद होत.

वालचंदशेठ यांचा जन्म दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातचे; व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन येथलेच झालेले. घरात कापसाचा व्यापार व सावकारी चालत असे. वडील शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे सचोटीचे व्यापारी आणि समाजसुधारणेची तळमळ असलेले गृहस्थ होते. वालचंदशेठ यांच्या मातोश्री त्यांच्या जन्मानंतर लवकरच निवर्तल्या. सोलापूरचे शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले; परंतु पदवी न घेताच त्यांना घरच्या व्यवसायात लक्ष घालावे लागले.

वडिलार्जित पेढीवर बसून व्याजाचा हिशेब मांडण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे कंत्राट घेतले. एका जैन सावकाराच्या मुलाने रेल्वेचा भराव घालण्याचे काम अंगावर घ्यावे, हे त्या काळी नवलाचे होते. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हे त्याच वाटचालीचे फळ होय. मातीकाम आणि लोखंड यांच्या या व्यवसायातच मालवाहतुकीचे महत्त्व त्यांच्या ध्यानी आले असावे. कारण वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी ती जागेवर येईपर्यंत लागणारा खर्च तिच्या किमतीत मिळवावाच लागतो.

त्या काळातील मुंबई बंदराचे चित्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्यांच्या पुढील कार्याचे मोल कळणार नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईच्या व्यापाराला भरती आली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी अशी एकामागून एक कामे उभी राहिली. आगबोट थेट धक्क्याला लागू लागली. यारीने गाठी उचलाव्यात, शेडमध्ये रचाव्यात, तेथून रेल्वेच्या वाघिणीत भराव्यात, अशी व्यवस्था झाली. याउलट कोकणच्या लहान बंदरांत आगबोट खोल पाण्यातच नांगर टाकी आणि माणसे व माल पडावातून किनाऱ्यावर आणावा लागे. पालघर-डहाणूच्या खाड्यांतून लाकूड, गवत, मीठ व भात घेऊन गलबते मुंबईस जात. तीही वाऱ्याच्या भरवशावर आणि पावसाळ्यात व्यवहार बंद ठेवून.

मुंबईत धक्के होते, गोदामे होती, यारी होत्या. मात्र त्या धक्क्यांना लागणाऱ्या मोठ्या आगबोटी बहुतांशी ब्रिटिश कंपन्यांच्या होत्या. हिंदुस्थानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणाऱ्या मालावरही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. रंगूनचा तांदूळ मुंबईस यावा किंवा बंगालचा कोळसा पश्चिम किनाऱ्यास यावा, भाडे ठरविणार ती कंपनी. या क्षेत्रात उतरण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. तुतिकोरीनचे देशभक्त चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली होती. परंतु भाडेकपात आणि राजरोष यांपुढे ती टिकली नाही.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी नावाची आगबोट विक्रीस निघाल्याचे वालचंदशेठ यांना समजले. १८९० च्या सुमारास एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने बांधलेले हे जहाज युद्धकाळात रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले होते. वालचंदशेठ यांनी शेठ नरोत्तम मोरारजी, श्री. लल्लूभाई सामळदास व शेठ किलाचंद देवचंद यांना बरोबर घेतले आणि मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपयांचे ठेवण्यात आले. दि. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टीने मुंबईहून लंडनसाठी प्रस्थान ठेवले. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा केला जातो.

हिशेबाच्या वहीत मात्र लॉयल्टी फायद्याची ठरली नाही. जहाज जुने होते, प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले होते, आणि अवघ्या चार वर्षांत १९२३ मध्ये ते भंगारात काढावे लागले. परंतु या अनुभवातून कंपनीने योग्य तो बोध घेतला. तिने मालवाहू आगबोटी खरेदी केल्या आणि किनारी व्यापारावर लक्ष केंद्रित केले. येथूनच खरा संघर्ष सुरू झाला.

ब्रिटिश कंपनीजवळ दोन शस्त्रे होती. पहिले शस्त्र भाडेयुद्धाचे. सिंदियाची आगबोट ज्या मार्गावर जाई, त्या मार्गावरील भाडे खर्चाच्याही खाली उतरविले जाई. श्रीमंत कंपनी इतर मार्गांवरील नफ्यातून हा तोटा भरून काढी. नवीन कंपनीस ते शक्य नसे. दुसरे शस्त्र अधिक सूक्ष्म होते. त्यास डिफर्ड रिबेट, म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट, असे म्हणत. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने सहा महिन्यांत दहा हजार रुपये भाडे भरले आणि सूट शेकडा दहा आहे. त्याचे एक हजार रुपये कंपनीकडे जमा राहत. पुढील सहा महिनेही त्याने आपला सर्व माल त्याच कंपनीच्या जहाजांतून पाठविला, तरच ते परत मिळत. तोपर्यंत नवे एक हजार पुन्हा अडकलेले असत. एकच खेप सिंदियाच्या आगबोटीवर चढविली की दोन्ही रकमा बुडाल्या. व्यापाऱ्याचा स्वतःचाच पैसा त्याच्या पायातील बेडी झाला होता. कापसाची, कापडाची व धान्याची पेढी चालविणाऱ्या कित्येकांच्या मनात स्वदेशीविषयी आस्था असूनही त्यांचे हात बांधलेले होते. तरीही काही व्यापाऱ्यांनी नुकसान सोसून सिंदियास माल दिला.

याच सुमारास ब्रिटिश कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. भागधारकांचे नुकसान होत होते, बाजारात शेअरची किंमत घसरली होती. व्यापारी दृष्टीने विक्री हा सोपा मार्ग होता. शेठ नरोत्तम मोरारजी आणि वालचंदशेठ यांनी तो नाकारला. परंतु कंपनी तगविण्यासाठी १९२३ मध्ये त्यांना दहा वर्षांचा करार मात्र करावा लागला. सिंदियाने पंचाहत्तर हजार टनांपेक्षा अधिक जहाजे बाळगू नयेत, प्रवासी वाहतूक करू नये, परदेशी मार्गांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. कंपनी वाचली, पण तिची वाढ खुंटली. वालचंदशेठ यांना हा करार सतत सलत राहिला. त्यांचे चरित्र केवळ विजयांची मालिका नव्हे, हे येथे ध्यानात येते. तग धरण्यासाठी पत्करलेली माघार आणि शरणागती यांतील अंतर त्यांनी ओळखले होते.

व्यापाऱ्यांच्या एकट्या बळावर हा प्रश्न सुटणार नाही, त्यास कायद्याचा आधार हवा, हे जाणून किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी अशी मागणी पुढे आली. १९२८ मध्ये श्री. साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही, पण देशभर जागृती झाली. दरम्यान १९२७ मध्ये मुंबईत डफरिन या प्रशिक्षण-जहाजावर हिंदी तरुणांना नाविक अधिकाऱ्याचे शिक्षण मिळू लागले. पूर्वी खलाशी हिंदी व कप्तान गोरा हा जणू नियमच होता. तो मोडण्यास येथून सुरुवात झाली.

१९२९ मध्ये शेठ नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले आणि कंपनीचे अध्यक्षपद वालचंदशेठ यांच्याकडे आले. कराराची मुदत सरल्यावर त्यांनी कार्यक्षेत्र वाढविले. १९३७ मध्ये हज यात्रेकरूंची वाहतूक सुरू केली. १९३९ मध्ये कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदियाच्या ताब्यात आली. चाकरमान्यांना आणि त्यांच्या गाठोड्यांना मुंबईहून कोकणात नेणारी बोट अशा रीतीने स्वदेशी मालकीची झाली.

जहाजे परदेशात बांधावयाची आणि दुरुस्तीसाठीही परक्याकडे पाहावयाचे, हे त्यांस मान्य नव्हते. जहाजबांधणीचा कारखाना काढण्यासाठी त्यांनी प्रथम कलकत्त्यास जागा पाहिली. ती मिळाली नाही. अखेर विशाखापट्टणमची निवड झाली. तेथील बंदर १९३३ मध्ये खुले झाले होते आणि डॉल्फिन्स नोज या टेकडीचा त्यास आडोसा होता. दि. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. युद्धात जहाजांची निकड असूनही तत्कालीन सरकारने या कामास अपेक्षित साहाय्य दिले नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि काम विस्कळीत झाले. तरीही जिद्द न सोडता कारखाना उभा राहिला. दि. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जलउषा या आठ हजार टनी जहाजाचे जलावतरण झाले. १९५२ मध्ये कारखान्याची मुख्य मालकी सरकारकडे गेली आणि त्याचे नाव हिंदुस्थान शिपयार्ड झाले. बंगळूरचा विमान कारखाना, प्रीमियर मोटारी, रावळगाव व वालचंदनगरचे साखर उद्योग ही त्यांची अन्य कार्ये सर्वश्रुतच आहेत.

१९४९ मध्ये वालचंदशेठ यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कार्यनिवृत्त झाले. अखेरच्या काळात त्यांच्या सहधर्मचारिणी कस्तुरबाई यांनी त्यांची निष्ठेने सेवा केली. दि. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. लॉयल्टीच्या प्रस्थानाला चौतीस वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून उभे आहे. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सिंदिया कंपनीच्या आगबोटी आज समुद्रावर नाहीत. बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाऊसची वास्तू तेवढी त्या वैभवाची साक्ष देते.

आज पालघर जिल्ह्यास या चरित्राचे विशेष अगत्य आहे. डहाणूजवळील वाढवण येथील बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि दि. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. किनाऱ्यालगत सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली, प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स, दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध आणि वर्षाला सुमारे २९८ दशलक्ष टन मालाची क्षमता, असे त्याचे योजलेले स्वरूप आहे. ज्यांच्या होड्या या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्या मच्छीमार बांधवांच्या मनात उपजीविकेची चिंता आहे आणि त्यांचा विरोधही सर्वांस ठाऊक आहे.

धक्का, यारी व गोदाम ही बंदराची अंगे होत. त्यांतून येणारी समृद्धी कोणाच्या घरी जाते, हे जहाज कोणाचे, भाडे ठरविणार कोण आणि त्या कामावर माणसे कोठली, यांवर अवलंबून असते. आजही आपल्या परदेशी व्यापाराचा फार मोठा भाग विदेशी जहाजांतूनच ये-जा करतो. किनाऱ्यावरच्या माणसास बंदरात मानाचे स्थान मिळेल काय आणि येथून निघणाऱ्या जहाजांत आपली जहाजे किती असतील, हे प्रश्न शेठ वालचंद हिराचंद यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या परीने हाती घेतले होते. त्यांची उत्तरे शोधण्याचे काम त्यांनी पुढील पिढ्यांवर सोपविले आहे. त्या दूरदर्शी कर्मवीराच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!