सर्जेराव घाटगे

कागलच्या सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेराव यांचे चरित्र आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. दौलतराव शिंदे तरुण होते. १७९८ साली सर्जेरावांनी आपली कन्या बायजाबाई त्यांना दिली व दिवाणगिरी मिळवली. दुसऱ्या बाजीरावाने गादीसाठी शिंद्यांना कबूल केलेला पैसा त्याच्याजवळ नव्हता. तो पुण्यातून उकळण्याची मोकळीक सर्जेरावांना मिळाली. सावकार व कारभारी यांचे अतोनात हाल झाले. नाना फडणविसांचे आप्त गंगाधरपंत भानू तापलेल्या तोफेवर बांधले जाऊन मेले. बदनामी मात्र पेशवे व शिंदे दोघांचीही झाली. १८०९ साली शिंद्यांच्याच छावणीत सर्जेराव मारले गेले. कुमार्ग दाखवणारा दोषी खराच. पण त्याला मोकळीक देणारेही तितकेच दोषी, असे आम्ही मानतो.