जनाना स्टुडिओवाले राजा दीनदयाळ

मैत्रिणींनो, जुन्या बाजारात फोटोंचे गठ्ठे चाळताना मी आधी पुठ्ठ्यावर छापलेलं स्टुडिओचं नाव बघते. तिथे ‘दीनदयाळ’ दिसलं, की संग्राहकाचा जीव वरखाली होतो!

दीनदयाळ १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्मले. रुरकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरला बांधकाम खात्यात लागले. तिथेच कॅमेऱ्याचा नाद लागला आणि पुढे नोकरी सुटली. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं, ‘राजा’ ही पदवीही दिली.

पण मला भावते ती वेगळीच गोष्ट. परपुरुषासमोर न येणाऱ्या बायकांनी फोटो काढायचा कसा? दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळा बायकांचाच कारभार आणि कॅमेऱ्यामागे मिसेस केनी-लेव्हिक नावाची मडम. बुरखा बाजूला ठेवून त्या बायका किती मोकळ्या बसल्या असतील, नाही?

१९०५ मध्ये दीनदयाळ गेले. त्या काळच्या फोटोंवर स्टुडिओचं नाव ठळक असतं, फोटोतल्या बाईचं मात्र बहुतेकदा नसतंच. परवा मी आमच्या आजेसासूबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला नि मागे पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलं. माहेरचंसुद्धा.