जेराल्ड ऑंजिअर

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. सतराव्या शतकांत खानदेशचें कापड त्याच सुरतेच्या बंदरांतून परदेशीं जाई. तेथील इंग्रजांच्या वखारीचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर ह्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

१६६१ च्या विवाह-तहान्वयें पोर्तुगालची राजकन्या कॅथेरिन हिच्याबरोबर इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्यास दोन बंदरें आंदण मिळालीं : उत्तर आफ्रिकेंतील टँजिअर आणि कोंकणांतील मुंबई. टँजिअरवर राजानें अपार द्रव्य वेंचलें. तट मजबूत केले, समुद्रांत लांब धक्का बांधविला. मुंबई मात्र त्यास ओझें वाटली, व १६६८ मध्यें ती वार्षिक दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं झाली.

१६६९ मध्यें ऑंजिअर अधिकारावर आला. मुंबईची हवा रोगट होती आणि जमिनीच्या मालकीविषयीं तंटे माजले होते. १६७२ मध्यें त्यानें न्यायालय स्थापिलें आणि जमीनदारांशीं वार्षिक २०,००० शेराफिनांचा करार ठरवून ते तंटे मिटविण्याचा मार्ग काढिला. १६७३ मध्यें डच आरमार चालून आलें, तेव्हां त्याची तयारी पाहून तें हल्ला न करितांच परतलें.

ऑंजिअर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. आज सेंट थॉमस म्हणून प्रसिद्ध असलेलें देऊळ बांधण्याचा संकल्प त्याचाच. तें १७१८ मध्यें पुरें झालें. तरीही दीवचा वाणी नीमा पारख ह्यानें १६७७ मध्यें मुंबईस येण्यापूर्वी अभय मागितलें, तेव्हां कोणासही बळानें ख्रिस्ती केलें जाणार नाहीं, असें लेखी वचन त्यास मिळालें. अशा वचनांच्या भरंवशावर निरनिराळ्या धर्मांचे व्यापारी मुंबईंत वसूं लागले.

त्याच वर्षीं ३० जून रोजीं ऑंजिअर सुरतेस मरण पावला. पुढें सातच वर्षांनीं, १६८४ मध्यें, सभोंवतालच्या मुलखाशीं सतत झगडून थकलेल्या इंग्रजांनीं आपलाच धक्का सुरुंगानें उडवून टँजिअर सोडलें. ओझें वाटलेली मुंबई मात्र वाढतच गेली.

ऑंजिअर नफ्यासाठीं आलेल्या कंपनीचा चाकर होता, आणि त्याच कंपनीनें पुढें हा देश जिंकला, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि खोल पाणी व भक्कम तट असूनही, परक्या माणसास निर्भयपणें राहतां येत नाहीं तोंवर बंदराचें नगर होत नाहीं, ही गोष्ट त्याच्या चरित्रावरून आम्हांस शिकण्यासारखी वाटते.